ओ कुणी द्यायची

“मामा!”

ठकीने चमचा ताटलीवर आपटला आणि घरातून एकदम तीन ओ आल्या.

मिस्त्री दाराशी उकिडवा बसून बुटाच्या नाड्या बांधत होता, तो तिथूनच “ओ” म्हणाला. स्वयंपाकघरातून त्याची धाकटी बहीण “आले गं माझी बाय” करत धावली. आणि न्हाणीघराचं दार उघडून, अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून, जावईबापू बाहेर आले. “हो, हो. काय पाहिजे?”

ठकीला काहीच नको होतं. एका हाकेला तीन माणसं येतात हे बघून ती खुदकन हसली आणि तिने चमचा खाली टाकून दिला.

“तुम्ही दोघं कशाला धावताय?” मिस्त्री म्हणाला. “ती मला हाक मारतेय.”

“तुला कशाला मारेल, दादा? मला मारतेय.” धाकटीने चमचा उचलून पदराला पुसला. “पाळणाघरात सगळी पोरं आईला मामाच म्हणतात. ठकीपण तिथेच शिकली. कालच तिथल्या बाई सांगत होत्या.”

“मग तू तिला ‘आई’ शिकव की.”

“शिकवतेच आहे रे. पण दिवसभर जे कानावर पडतं तेच तोंडात येणार ना?”

जावईबापूंनी टॉवेलाने हनुवटी टिपली. त्यांचं मराठी चांगलं होतं, पण अंधाऱ्या जिन्यात पायरी चाचपत उतरावं तसं ते एकेक शब्द चाचपत बोलायचे. “माफ करा,” ते म्हणाले. “पण मामा मी आहे.”

ते खोटं बोलत नव्हते. जावईबापू फार लांबून, डोंगरांच्या एका देशातून आलेले. त्या देशाचं नाव मिस्त्रीच्या आईला लग्नाला तीन वर्षं होऊनही नीट उच्चारता येत नव्हतं. त्यांच्या भाषेत आईला म्हणतात देदा आणि बापाला म्हणतात मामा. ठकी जन्मली तेव्हा यावरून दवाखान्यात घोळ झालाच होता. जावईबापू आनंदाने भान हरपून बाहेर आले आणि भेटेल त्याला सांगत सुटले, “मी मामा झालो! मी मामा झालो!” बाकावर बसलेल्या एका आजींनी त्यांचं अभिनंदन केलं आणि विचारलं, “बरं, मग बाळाचा बाप कुठाय?” तेव्हा त्यांनी अभिमानाने स्वतःच्या छातीवर हात ठेवला होता. आजी उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या.

ते स्वतःची ओळख करून देतानाही “मी जावईबापू” असंच सांगत. सासूबाई त्यांना तशी हाक मारतात म्हणजे मराठीत आपलं नाव तेच, अशी त्यांची बरेच दिवस समजूत होती. नंतर खरं कळलं, पण तोवर त्यांना ते आवडायला लागलं होतं.

“आता भांडत बसू नका,” आई भाकरीची परात पुसता पुसता म्हणाली. मग तिला राहवलं नाही. “पण मी म्हणते, मुलीच्या लेकीने पहिल्यांदा मामालाच हाक मारली तर बिघडलं कुठे? एवढे दिवस खांद्यावर घेऊन फिरतोय तो.”

“आई, तू मध्ये पडू नकोस,” धाकटी म्हणाली.

“बरं बाई, नाही पडत. बसा एकमेकांना मामा बनवत.”

जावईबापूंनी बायकोकडे पाहिलं. “मामा बनवत? म्हणजे बाप बनवत?”

“म्हणजे उल्लू बनवत,” धाकटी म्हणाली, आणि जावईबापू विचारात पडून उरलेली दाढी करायला गेले.

मिस्त्री जिना उतरू लागला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि राहायचा मात्र लिफ्ट नसलेल्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. शेजाऱ्यांचा हा आवडता विनोद होता. त्यालाही पूर्वी हसू यायचं. वडील गेले तेव्हा तो शाळेत होता. दप्तर ठेवलं आणि एका लिफ्टवाल्याच्या हाताखाली राहिला. बहिणीचं शिक्षण झालं, तिला क्ष-किरण विभागात नोकरी लागली, तिथेच तिचं जावईबापूंशी जमलं. त्याचं स्वतःचं लग्न राहून गेलं. कुणी नकार दिला, कुणाला यानेच दिला, असं काही नाही. विषय निघायचा, आणि तेवढ्यात कुठली तरी लिफ्ट अडकायची. कामावर त्याला सगळे मिस्त्री म्हणत, बहीण दादा म्हणे. मामा हे एक असं नाव होतं की जे त्याला कामावरून किंवा वयावरून पडलेलं नव्हतं. त्यासाठी एका विशिष्ट माणसाला जन्माला यावं लागलं होतं. ही गोष्ट तो कुणाजवळ बोलला नसता, पण त्या सकाळी चौथ्या मजल्यावरून तळमजल्यापर्यंत त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

त्या दिवशी काम एका उंच इमारतीत होतं. तिथे देशोदेशीची माणसं राहत आणि सगळी मिळून एक मोडकीतोडकी सामाईक भाषा बोलत. मिस्त्रीने एक लिफ्ट बंद केली आणि तिच्या टपावर चढून तो दोरांना वंगण घालत बसला. बाहेरचं दार बंद होतं. अंधारात विजेरीचा एक गोल उजेड.

आणि दाराच्या पलीकडून एका बाईचा आवाज आला. “मामा! मामा!”

“ओ!” मिस्त्री म्हणाला.

बाहेर किंकाळी फुटली. पाठोपाठ धोक्याची घंटा वाजली, पहारेकरी धावत आला आणि “लिफ्टमध्ये माणूस अडकलाय” असा पुकारा झाला. मिस्त्रीने घाईघाईने किल्लीने दार उघडलं आणि वंगणाने काळे झालेले हात वर करून तो बाहेर आला. समोर एक बाई उभी होती, तिच्या मागे दडलेली पाच-सहा वर्षांची मुलगी.

“माफ करा,” तो म्हणाला. “मला वाटलं मला हाक मारलीत.”

“तुम्हाला? मी तर हिला बोलवत होते.”

“हिला? पण तुम्ही मामा म्हणालात.”

“हो.”

मिस्त्रीने मुलीकडे पाहिलं. “तुमच्या भाषेत मामा म्हणजे मुलगी?”

बाईला हसू आलं. ती अरबी बोलणारी होती. “नाही हो. मामा म्हणजे आई. ती मला मामा म्हणते. म्हणून मग मीपण तिला मामा म्हणते. लाडाने. आमच्याकडे सगळ्या आया म्हणतात.”

“म्हणजे तुम्ही मामा, आणि तीपण मामा?”

“हो.”

“मग दोघींपैकी नक्की कोण, हे कसं कळतं?”

बाई विचार करू लागली. तिला बहुधा हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. “कळतं,” ती शेवटी म्हणाली, आणि मुलीला घेऊन दुसऱ्या लिफ्टने गेली.

पहारेकरी पोट धरून हसत होता. मिस्त्री मात्र खरोखरच चक्रावला होता. दुपारी जिन्याखाली डबा खाताना त्याने फरशी पुसणाऱ्या बाईंना विचारलं. त्या थोराड, हळू चालणाऱ्या, त्याच्याच वयाच्या होत्या. त्यांची भाषा स्वाहिली.

“बाई, तुमच्यात मामा म्हणजे काय?”

“आई,” बाई म्हणाल्या. “आणि नुसती आई नाही. कुठल्याही मोठ्या बाईला मान द्यायचा म्हणजे मामा म्हणायचं. दुकानदार म्हणतो, बसवाला म्हणतो. मला मूल नाही, तरी मी गावी गेले की अख्खी गल्ली मला मामा म्हणते.”

“वाईट नाही वाटत?”

“कशाचं?”

“म्हणजे... मूल नसताना.”

बाईंनी फडकं पिळलं. “पहिल्यांदा वाटायचं. मग वाटलं, म्हणतायत तर म्हणू देत. कुणाला तरी हाक मारायचीच असते ना त्यांना.” मग त्या हसल्या. “तुमच्यात काय?”

“आईचा भाऊ.”

“भाऊ? पुरुष?” बाई हसत हसत भिंतीला टेकल्या. “आईच्या भावाला आम्ही म्जोंबा म्हणतो.”

मिस्त्रीने दोनदा म्हणून पाहिलं. जीभ अडकली. एवढ्या मोठ्या जगात मामा म्हणजे आई, मामा म्हणजे बाप, मामा म्हणजे लेक. आईचा भाऊ तेवढा कुठे दिसत नव्हता.

त्या आठवड्यात त्याने परीक्षा घ्यायचं ठरवलं. संध्याकाळी ठकीला मांडीवर घेऊन तो स्वतःच्या छातीवर बोट ठेवी. “मामा. कोण? मामा.” ठकी लक्ष देऊन ऐके. मग ती त्याच्या शर्टाच्या गुंडीला म्हणे, “मामा.” दिव्याच्या बटणाला म्हणे, मामा. आईने तिला गच्चीत नेऊन चांदोमामा दाखवला, तेव्हा तर कहरच झाला. ती चंद्राकडे बोट करून एवढ्या जोरात आणि एवढ्या ओळखीने ओरडली की मिस्त्रीला आभाळातल्या त्या गोळ्याचा हेवा वाटला.

“घे, तुझ्यात आणखी एक वाटेकरी,” आई म्हणाली.

“चंद्राला तरी कुठे बहीण आहे?” मिस्त्री पुटपुटला.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी तो आडवा झाला होता. डोळा लागतोय न लागतोय तोच भिंतीपलीकडून हाक आली. “मामा!” तो पडून राहिला. पुन्हा आली, “मामा! मामा!” हा ठकीचा आवाज नव्हता. पुरुषाचा होता, आणि घाबरलेला होता. तो उठून बाहेरच्या खोलीत गेला.

“काय झालं, जावईबापू? मला बोलावलंत?”

जावईबापू जमिनीवर बसले होते. एका मांडीवर ठकी, दोन्ही हातांत फोन धरलेला. फोनच्या पडद्यावर फक्त एक छत दिसत होतं, लाकडी तुळयांचं, एका कोपऱ्यात ओल आलेलं. माणूस दिसत नव्हता. जावईबापू त्या छताला हाका मारत होते. “मामा! मामा!”

आणि छताखालून कुठून तरी, दमलेल्या म्हाताऱ्या आवाजात उत्तर आलं. “मामा...”

“मामा!” ठकी टाळ्या वाजवत म्हणाली.

मिस्त्रीला काहीच कळेना. तिघं जण एकच शब्द बोलत होते आणि त्या शब्दाने त्याला जागं केलं होतं. धाकटी ओले हात घेऊन आली आणि नवऱ्याशेजारी बसली. तिकडे दार वाजल्याचा आवाज झाला, कुणी शेजारी आले असावेत. छत हललं, एक बाईचा चेहरा आला, भराभर बोलणं झालं. मग एक म्हातारा दिसला, शेजाऱ्यांनी पाठीला आधार देऊन बसवलेला. त्याने पडद्याकडे पाहिलं आणि तोच शब्द पुन्हा म्हटला. जावईबापूंनी तोंड फिरवलं.

“पडले,” धाकटीने हळूच सांगितलं. “बोलता बोलता खुर्चीवरून पडले. एकटेच असतात ना. सासूबाई गेल्यापासून एकटेच.”

बऱ्याच वेळाने, फोन बंद झाल्यावर, मिस्त्रीने पाण्याचा पेला जावईबापूंच्या समोर ठेवला. काहीतरी बोलायला हवं होतं. त्याला जे सुचलं ते त्याने विचारलं.

“तुम्ही त्यांना मामा म्हणत होतात. वडील, म्हणून. बरोबर. पण तेपण मामा म्हणत होते. ते कुणाला?”

“मला.”

“तुम्हाला? बाप मुलाला बाप म्हणतो?”

“हो, दादा. आमच्याकडे असंच. बाप मुलाला मामा म्हणतो. आई मुलाला देदा म्हणते. का, मला माहीत नाही.” जावईबापू पाणी प्यायले. “लहानपणी मला वाटायचं, आपण दोघं एकच आहोत म्हणून.”

“त्यात काय एवढं?” आई आतून म्हणाली. ती सगळं ऐकत होती. “मी नाही का याला ‘अरे बाबा’ म्हणत? पन्नाशी आली याची. ‘बाबा जेवलास का, बाबा लवकर ये.’ माझा बाप थोडाच आहे तो?”

मिस्त्रीने आठवून पाहिलं. खरंच म्हणत होती. रोज म्हणत होती.

मग ठकी हा शब्द कुठे शिकली? पाळणाघरात? की दर सुट्टीच्या दुपारी या मांडीवर बसून, बाप आणि आजोबा एकमेकांना हाका मारताना ऐकून? की त्याने छातीवर बोट ठेवून ठेवून शिकवलं म्हणून? तिला तरी माहीत होतं का? त्याला वाटलं, तिच्या लेखी मामा म्हणजे बहुतेक ‘कुणीतरी या’ एवढंच असेल. मग वाटलं, नाही, एवढंच नसेल.

महिन्याभरात तिघांनी जावईबापूंच्या देशात राहायला जायचं ठरलं. धाकटीने ते त्याला गच्चीत, वाळलेले कपडे काढताना सांगितलं. ती त्याच्याकडे न बघता चादरीच्या घड्या घालत होती.

“दादा, तू काहीच बोलत नाहीस.”

“काय बोलू? म्हाताऱ्या माणसाला उठवून बसवायला घरचं कुणी हवंच.”

“आई राहील तुझ्याजवळ.”

“आई नाही, मीच राहीन आईजवळ.”

“तेच रे.” तिने चादरीचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं. दोघांनी ताणून घडी घातली, लहानपणी घालायची तशी. “तिथे ठकी सगळ्यांसारखं बापालाच मामा म्हणेल. मग तू...”

“अगं, शब्द आहे तो. वाटून घेऊ.”

“मी तिला शिकवेन, दादा. मराठीतला मामा वेगळा म्हणून.”

“नको. पोराच्या डोक्याचा भुगा करू नकोस,” तो म्हणाला. “माझ्याच डोक्याचा झालाय तेवढा पुरे.”

ती हसली आणि हसता हसता रडली. तो चिमटे गोळा करत राहिला.

निघायच्या दिवशी गाडी सकाळीच दारात आली. जावईबापूंनी बॅगा उतरवल्या, धाकटी आईच्या गळ्यात पडली. ठकीला मिस्त्रीने खांद्यावर घेतलं. ती गाढ झोपली होती. चार मजले तो एकेक पायरी बघून उतरला. प्रत्येक वळणावर त्याला वाटे, आता जागी होईल, आता म्हणेल. निदान कुणाला म्हणते ते तरी जवळून, कानाशी ऐकायला मिळेल. दुसऱ्या मजल्यावर तर तिच्या पायाचा अंगठा हळूच चिमटावा असंही त्याच्या मनात आलं. बोटं अंगठ्यापर्यंत गेली. मग त्याने नुसताच मोजा वर ओढला.

गाडीत धाकटीने तिला घेतलं. या खांद्यावरून त्या खांद्यावर जाताना ठकीचे ओठ हलले. तो शब्दही असेल, नुसतं चोखणंही असेल.

“काही म्हणाली का?” मिस्त्रीने विचारलं.

“झोपेत आहे रे ती,” धाकटी म्हणाली.

जावईबापूंनी त्याला मिठी मारली. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, ते शब्द चाचपू लागले. “दादा,” ते शेवटी म्हणाले, “मी दोन्ही सांभाळेन.” दोन्ही म्हणजे बायको आणि मुलगी, की दोन्ही भाषा, की आणखी काही, हे मिस्त्रीने विचारलं नाही. गाडी गेली.

त्यानंतर दर आठवड्याला फोन येऊ लागला. म्हाताऱ्याला आधी काठी आली, मग तो काठीशिवाय अंगणात दिसू लागला. ठकी तिकडचं बोलायला लागली, भराभर, घरंगळत. धाकटीला देदा, बापाला मामा. गोंधळ मिटला होता. आजोबांशी, मांजराशी, सगळ्यांशी ती बोले. मिस्त्री आणि आई पडद्यासमोर शेजारी शेजारी बसून ते ऐकत, न कळता मान हलवत.

अशाच एका दिवशी ठकीने पडद्याला नाक लावलं आणि म्हणाली, “बिजा.” जहाजातला ज असतो तसा ज. “बिजा! बिजा!”

मिस्त्री हसून बघत राहिला. मांजराचं नाव असेल, त्याला वाटलं. ठकीने दोन-तीनदा हाक मारली, वाट पाहिली, आणि मग कंटाळून वळली आणि पळाली.

“अरे दादा, तुला म्हणत होती ती!” पलीकडून धाकटी ओरडली. “बिजा म्हणजे मामा! म्हणजे आपला मामा. आईचा भाऊ. इथे तसंच म्हणतात. तुझा फोटो दाखवून दाखवून शिकवलं मी तिला. ओ का नाही दिलीस?”

“मला काय माहीत?” मिस्त्री म्हणाला. “बोलव तिला परत.”

पण ठकी अंगणात गेली होती. तिचं हसणं ऐकू येत होतं, ती नव्हती.

फोन बंद झाल्यावर आई म्हणाली, “बिजा? बिजागरीतला का?”

“हो, तसंच काहीसं.”

“हं.” तिने थोडा वेळ शब्द तोंडात घोळवला. “बरा आहे. लक्षात राहील.”

दुसऱ्या दिवशी त्या उंच इमारतीतलीच लिफ्ट होती. दोर बदलून झाले. दुरुस्तीनंतर लिफ्ट रिकामी वर-खाली न्यावी लागते, प्रत्येक मजल्यावर थांबवून, दार नीट उघडतं का ते बघत. मिस्त्रीने हत्यारं पिशवीत टाकली, हात पुसले आणि आत शिरून बटण दाबलं. दार मिटलं. लिफ्ट वर निघाली.

“बिजा,” तो म्हणाला. आधी हळू, मग जरा मोठ्याने. ठकीचा ज जसा होता तसा तो लागेना. पुन्हा हाक आली तर आपल्याला ओळखू यायला हवी, उशीर व्हायला नको.

लिफ्ट थांबली. दार उघडलं. समोर रिकामा बोळ होता, पुसलेली ओली फरशी. दार नीट उघडत होतं. त्याने ते मिटू दिलं.

“बिजा,” तो म्हणाला, आणि वरच्या मजल्याचं बटण दाबलं.